‘साहसी कोण?’ : नागर स्त्रियांच्या व्यवहारबुद्धीचें प्रामाण्य

जुन्या मराठी कागदपत्रांचा शोध करणारांस स्त्रिया भेटतात त्या बहुधा तीन ठिकाणीं: वतनाच्या तंट्यांत, दानपत्रांत आणि गुन्हेगारीच्या जमाखर्चांत. पहिल्या ठिकाणीं ती कोणा वतनदाराची विधवा असते, दुसऱ्या ठिकाणीं कोणा सरदाराची माता किंवा पत्नी, आणि तिसऱ्या ठिकाणीं सरकारची आरोपी. अहल्याबाई होळकरांसारख्या राज्यकर्त्या स्त्रियांचा पत्रव्यवहार बाजूस ठेविला, तर अमुक गोष्ट करावी कीं न करावी हें स्त्रिया स्वतः कशाच्या आधारें ठरवीत, या प्रश्नाचें उत्तर आपल्या दप्तरांत सरळ मिळत नाहीं. शास्त्र वाचण्याचा अधिकार त्यांस नव्हता; पंचायतींत त्यांस आसन नव्हतें; आणि जेथें परक्या माणसांचा राबता अधिक अशा शहरांत तर गांवकीची ओळखीची मर्यादाहि ढिली पडलेली असे. मग आधार उरला तो एकच: रोजच्या व्यवहारानें शिकविलेलें तारतम्य. या तारतम्यास प्रमाण म्हणतां येईल काय, आणि येत असल्यास त्याचा लेखी पुरावा कोठें आहे, हें पाहण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

आम्ही हें आर्वींत बसून लिहीत आहों, आणि विषयाची सुरुवातहि येथूनच करणें सोयीचें आहे. वर्धा जिल्ह्यांतील हा कसबा गॅझेटियरांत ‘आर्वी तेलंगराव’ या नांवानेंहि नोंदलेला आहे. तेलंगराव वली यानें तो वसविला अशी समजूत. तेलंगराव ब्राह्मण होता असें हिंदु सांगतात, मुसलमान होता असें मुसलमान सांगतात. वादाचा निकाल झालेला नाहीं, आणि तो व्हावा अशी निकड कोणास वाटलेलीहि दिसत नाहीं, कारण त्याच्या समाधीपुढें दोघेहि मस्तक लववीत आले. लोकांची व्यवहारबुद्धि कधीं कधीं अशा रीतीनें पंडितांचें काम वांचविते. १८६७ सालीं येथें नगरपालिका आली, पुढें कापसाची पेठ व जिन-प्रेस वाढले, १९१७ सालीं पुलगांवाहून अरुंद रुळांची आगगाडी आली (ती आतां बंद आहे), आणि कसब्याचें शहर झालें.

परंतु आमच्या विषयाचें मूळ आर्वीच्या पश्चिमेस आहे. वर्धा नदी ओलांडली म्हणजे पैलतीरीं कौंडिण्यपूर लागतें. भीष्मक राजाची राजधानी कुंडिनपूर ती हीच व रुक्मिणीचें माहेर तें हेंच, अशी परंपरा. मो. गं. दीक्षित यांच्या उत्खननानें (अहवाल १९६८) येथील वस्ती सातवाहनकाळाच्याहि मागें जाते हें दाखविलें. त्यानें रुक्मिणीची कथा सिद्धहि होत नाहीं आणि असिद्धहि होत नाहीं. तथापि कथेचा एक भाग आम्हांस फार बोलका वाटतो. भागवताच्या दशम स्कंधांत रुक्मिणी ब्राह्मणाहातीं श्रीकृष्णास निरोप पाठविते. भाऊ रुक्मी याचा बेत तिला शिशुपालास देण्याचा आहे. वडील माणसांनीं ठरविलेला विवाह मोडणें हें साहस खरें. परंतु त्या निरोपांत तिनें कोणत्याहि स्मृतीचा आधार घेतलेला नाहीं. उलट, अंतःपुरांतून आप्तांचा वध केल्यावांचून तुला कसें न्यावें अशी शंका तुझ्या मनांत येईल, असें ती आपणच म्हणते आणि तिचें उत्तरहि देते: लग्नाच्या आदल्या दिवशीं वधूनें नगराबाहेर देवीच्या दर्शनास जाण्याची आमच्या कुळांत रीत आहे, तेथें यावें. कुळाचाराचा भंग न करितां कुळाचाराच्याच वाटेनें नगराबाहेर पडण्याची ही युक्ति होय. टीकाकारांनीं या निरोपांतील भक्तीचा विस्तार पुष्कळ केला. त्यांतील व्यवहाराकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं.

धर्मशास्त्रकारांनीं व्यवहारबुद्धि अगदींच दूर ठेविली होती असें म्हणणें अन्यायाचें होईल. मनूनें धर्माचीं जीं चार लक्षणें सांगितलीं त्यांत वेद, स्मृति व सदाचार यांच्या मागोमाग आपल्या आत्म्यास जें प्रिय तेंहि घातलेलें आहे. धर्म्य असलें तरी लोकांस जें द्वेष्य तें आचरूं नये, असें याज्ञवल्क्य सांगतो. केवळ शास्त्रावर विसंबून निर्णय करूं नये, युक्तिहीन विचारानें धर्माची हानि होते, हें बृहस्पतीचें मत सर्व निबंधकारांस ठाऊक आहे. तेव्हां युक्तीस व लोकसंमतीस जागा होती. प्रश्न इतकाच उरतो कीं हे लोक म्हणजे कोण, आणि युक्ति कोणाची? या प्रश्नाचें उत्तर स्मृतिग्रंथांत शोधण्यापेक्षां शहरच्या कोतवालींत शोधणें बरें.

पेशवाईंतील पुण्याचे कागद या बाबतींत स्पष्ट आहेत. बदकर्माच्या आरोपाखालीं सांपडलेला पुरुष बहुधा गुन्हेगारी भरून मोकळा होई. तशाच आरोपाखालील स्त्रीस सरकारी बटीक करून किल्ल्यावर किंवा कोठीवर राबण्यास पाठवीत, आणि तिच्या वाट्यास येणारें अन्नवस्त्र मात्र जमाखर्चांत बिनचूक लिहिलेलें असे. वर्ण व जात पाहून शिक्षेंत फरक पडे हें खरें. परंतु एकाच कृत्यांत दोघे भागीदार असतां एकाची किंमत रुपयांत आणि दुसरीची किंमत आयुष्यांत कां, हा प्रश्न त्या कागदांत कोणीं विचारलेला आमच्या पाहण्यांत नाहीं. लिहिणारा कारकून, विचारणारा कोतवाल व सल्ला देणारा शास्त्री, तिघांचीहि ‘लोकांची समजूत’ एकच होती. ज्या समजुतीस प्रतिवादी मिळत नाहीं ती समजूत स्वतःस धर्म म्हणवून घेते.

तो प्रतिवाद वऱ्हाडांत दोनदां झाला, आणि दोन्ही वेळां त्याचें लेखी साधन उरलें, हें आपलें भाग्य होय.

पहिलें साधन महानुभावांचें. कौंडिण्यपुराहून आणखी वायव्येस गेलें म्हणजे मोर्शी तालुक्यांतील रिद्धपूर येतें. तेराव्या शतकांत तेथें गोविंदप्रभु राहत, आणि चक्रधरांच्या मागें त्यांचा परिवार तेथेंच जमला. त्या परिवारांत स्त्रियांचा भरणा मोठा होता: महदाइसा, आबाइसा, उमाइसा, हिराइसा. म्हाइंभटांनीं लीळाचरित्र रचलें तें ग्रंथ चाळून नव्हे. ज्यांनीं ज्यांनीं चक्रधरांस पाहिलें त्यांच्याकडे जाऊन, कोणी काय पाहिलें व काय ऐकिलें हें विचारून त्यांनीं लीळा गोळा केल्या, आणि आठवणींत भेद पडला तेथें तोहि नोंदविला. साक्षीपुराव्याची ही रीत आजच्या संशोधकासहि लाजविणारी आहे, आणि त्या साक्षींत घरांत, ओसरीवर, देवळाच्या आवारांत वावरणाऱ्या स्त्रियांच्या साक्षी पुष्कळ आहेत.

त्यांतून जें दिसतें तें असें. स्त्रियांनीं संन्यस्त मार्गीं यावें काय या शंकेस चक्रधर वचनें काढून उत्तर देत नाहींत. पुरुषाचा तो मोठा जीव आणि स्त्रीचा तो धाकटा जीव काय, अशा आशयाचा उलट प्रश्न करितात. रजस्वलेच्या विटाळाविषयींहि तसेंच. देहाचीं नऊ द्वारें, त्यांतून जसे इतर मल वाहतात तसा हाहि एक वाहतो. थांबला म्हणजे धुवावें, विटाळ मानूं नये, असा त्या सांगण्याचा भावार्थ आहे. या उत्तरांत तत्त्वज्ञान थोडें आणि डोळ्यांसमोरची गोष्ट अधिक आहे. तें समजण्यास संस्कृत लागत नाहीं. स्वतःचा देह ओळखीचा असला म्हणजे पुरे. महदाइसा तर सतत विचारणारी म्हणूनच संप्रदायांत प्रसिद्ध. तिचे धवळे कृष्णरुक्मिणीच्या विवाहावर आहेत आणि ते रिद्धपुरासच गोविंदप्रभूंच्या समोर झाले. आद्य मराठी कवयित्रीस पहिला विषय सुचला तो नदीकांठच्या त्याच कुंडिनपूरचा, यांत योगायोग किती व ओळखीच्या प्रदेशाचा ओढा किती, हें वाचकांनींच ठरवावें.

स्मृतिस्थळांतील एक प्रसंग या विषयाचा कळस म्हटला पाहिजे. केशिराज व पंडित हे दोघे विद्वान नागदेवाचार्यांस संस्कृतांत कांहीं विचारूं लागले, तेव्हां त्यांनीं त्यांस थांबविलें. चक्रधरांनीं आपणांस मराठींतच निरूपिलें, तुमचें संस्कृत आपणांस कळत नाहीं, असें ते म्हणाले. आणि संस्कृत ग्रंथरचनेस त्यांचा आक्षेप असा कीं, त्यानें माझ्या म्हाताऱ्या नागविल्या जातील. म्हाताऱ्या हा शब्द आम्हांस महत्त्वाचा वाटतो. संप्रदायाच्या ज्ञानाची भाषा कोणती असावी हें ठरवितांना मापदंड म्हणून एखादा पंडित घेतला नाहीं. शास्त्र न शिकलेली वृद्ध स्त्री घेतली. आणि तो मापदंड योग्य ठरला हें पुढील इतिहासानें दाखविलें. यवनांच्या स्वारींत पोथ्या गहाळ झाल्यावर लीळाचरित्र पुन्हा उभें करावें लागलें, तेव्हां ज्या पाठपरंपरांवर विसंबावें लागलें त्यांत ‘हिराइसापाठ’ हा एक प्रमुख. एका बाईच्या स्मरणानें जें राखिलें तें विद्वानांच्या पोथ्यांस राखतां आलें नाहीं. महानुभाव पोथ्यांचा संग्रह करणाऱ्या आमच्या मित्रांस हें सांगण्याची गरज नाहीं. परंतु ‘पाठ’ शब्दामागें एक माणूस असतें याचा विसर पोथी हातीं असतां लौकर पडतो, म्हणून लिहिलें.

दुसरें साधन छापील आहे, आणि सहाशें वर्षांनंतरचें. मधल्या काळांत वऱ्हाडावर पुष्कळ राज्यें होऊन गेलीं. १८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारांत आलें, आणि बुलढाणें हें जिल्ह्याचें ठाणें झालें. डोंगरावरचें लहानसें गांव, परंतु कचेरी आली म्हणजे कारकून येतात, कारकून आले म्हणजे टपालानें पुण्यामुंबईचीं वर्तमानपत्रें येतात, आणि मग गांव लहान असलें तरी तेथील बोलणें शहरचें होतें. या कचेरींत बापूजी हरि शिंदे हे वरिष्ठ कारकून होते. सत्यशोधक समाजाशीं त्यांचा संबंध होता. त्यांची कन्या ताराबाई. तिचा जन्म १८५० च्या सुमाराचा. वडिलांनीं तिला घरींच लिहावयास वाचावयास शिकविलें, नवरा घरजांवई होता, संतति झाली नाहीं. इतकें चरित्र झालें. हिचा एकच निबंध प्रसिद्ध आहे: ‘स्त्रीपुरुषतुलना’, पुणें, श्रीशिवाजी छापखाना, सन १८८२, प्रती ५००, किंमत नऊ आणे. ग्रंथनामाच्या खालींच विषय सांगितला आहे, कीं स्त्रिया व पुरुष यांत साहसी कोण हें स्पष्ट करून दाखवावयाचें आहे.

निमित्त सुरतेचें. विजयालक्ष्मी नांवाच्या तरुण ब्राह्मण विधवेनें आपलें नवजात अर्भक मारिलें या आरोपावरून तिला १८८१ सालीं फांशीची शिक्षा झाली. मुंबईच्या हायकोर्टांत अपील होऊन ती काळ्या पाण्याची झाली, आणि पुढें आणखी कमी झाली. शिक्षा कमी झाली तरी वर्तमानपत्रांचें तोंड थांबलें नाहीं. पुण्याच्या ‘पुणेवैभव’ पत्रानें या खटल्याच्या आधारें एकंदर स्त्रीजातीवर टीका केली. शहरांतील नव्या वाऱ्यानें बायका बिघडल्या, असा तो सूर. हें वाचून बुलढाण्यांत बसलेल्या एका बाईस राग आला आणि तिनें लेखणी उचलली.

येथें बारा वर्षें मागें जावें लागतें. १८७० सालीं पुण्यांत शंकराचार्यांच्या समोर विधवाविवाहाचा मोठा शास्त्रार्थ झाला. विष्णुशास्त्री पंडितांच्या पक्षानें पराशराचें वचन पुढें केलें, विरुद्ध पक्षानें त्याचा अर्थ फिरविला, दिवसांमागून दिवस वाद चालला, आणि निकाल सुधारकांच्या विरुद्ध गेला. दोन्ही पक्षांच्या विद्वत्तेविषयीं आम्हांस आदर आहे. परंतु ज्यांच्या पुनर्विवाहाचा प्रश्न होता त्यांपैकीं एकीचीहि जबानी त्या सभेंत झाली नाहीं, ही गोष्ट सभेच्या हकिकतींत कोणास नोंदण्यासारखी वाटली नाहीं. १८५६ च्या पंधराव्या कायद्यानें पुनर्विवाह कायदेशीर झाला होता, तरी घरोघरीं चालत होती ती रूढि. आणि त्या रूढीचें फळ काय हें ज्योतीराव फुल्यांनीं शास्त्रार्थ न करितां ओळखिलें होतें; १८६३ च्या सुमारास त्यांनीं पुण्यांत बालहत्याप्रतिबंधक गृह काढिलें, तें आपल्या राहत्या घरीं. सावित्रीबाईंनीं तें चालविलें. पोटुशी विधवा जीव देते किंवा मूल मारिते, तर तिला बाळंतपणास गुप्त जागा द्यावी, इतका साधा तो विचार.

ताराबाईचा विचार याच जातीचा आहे. पराशराच्या वचनाचा अर्थ कोणता खरा या वादांत ती शिरत नाहीं. ती विचारिते तें असें कीं, नवरा मेला तर बायकोचे केश व अलंकार जातात, आणि बायको मेली तर नवऱ्याचें काय जातें? दहाव्या दिवशीं तो दुसरीची बोलणीं लावितो. पतीसाठीं सावित्री यमामागें गेली हें सर्वांनीं ऐकिलें. पत्नीसाठीं यमाच्या वाटेस लागलेला एखादा पुरुष कोणीं ऐकिला आहे काय? विधवेच्या पोटीं गर्भ राहिला तर तो एकटीनेंच राहिला काय? ज्यानें तिला फसविलें त्याचें नांव खटल्यांत कोठें आहे? कलावंतिणी वाईट म्हणतां, तर त्या आकाशांतून पडल्या काय, कीं कोणा पुरुषानें घराबाहेर काढिल्या व मग सोडून दिल्या? पुरुषांनीं पोशाख, खाणें, पिणें, चालीरीति सर्व साहेबी केल्या, त्यांत धर्म बुडाला नाहीं; तो बायकांच्या वागण्यांतच तेवढा कां बुडतो? ही सर्व शब्दयोजना आमची आहे, तिची भाषा याहून पुष्कळ तिखट आहे.

या निबंधास रागाचें लिखाण म्हणून बाजूस ठेवण्याची चाल पडली आहे. आमच्या मतें ती चूक आहे, कारण रागाच्या खालीं एक शिस्तवार पद्धति आहे. भर्तृहरीच्या शृंगारशतकांत स्त्रीच्या दोषांची एक मोठी माळ आहे. त्यांत ती संशयांचा भोंवरा, अविनयाचें घर, आणि साहसांचें नगर ठरते. ताराबाईनें हीच माळ आरोपपत्रासारखी समोर घेतली व एकेक कलम उचलून तेंच पुरुषास लावून पाहिलें. लबाडी कोणांत अधिक, संशय कोण अधिक घेतो, अविनयाचें घर कोणतें? आणि साहसांचें नगर म्हणाल तर खोटी साक्ष, लांच, खून, दरोडे, राज्यें बुडविणें, हीं कोणाचीं कामें? कचेरीच्या गांवांत राहणाऱ्या बाईस या यादीसाठीं ग्रंथ उघडावे लागले नाहींत. तुरुंगांत कोण आहेत हें तिला ठाऊक होतें.

साहस या शब्दाविषयीं थोडें विषयांतर करूं. धर्मशास्त्रांत साहस हें अठरा व्यवहारपदांपैकीं एक. बळजबरीनें केलेला अपराध, हा त्याचा अर्थ. व्यवहार म्हणजे तेथें न्यायाचा खटला. मराठींत व्यवहार म्हणजे रोजचें देणेंघेणें व वागणें. ताराबाईनें साहसाचा खटला पहिल्या व्यवहारांतून काढून दुसऱ्या व्यवहारांत चालविला, असें म्हटल्यास तें केवळ शब्दचातुर्य होणार नाहीं. तुलना शब्दाचेंहि तसेंच आहे. दिव्यांच्या प्रकरणीं याज्ञवल्क्यानें तुला, म्हणजे तागडींत बसविण्याचें दिव्य, स्त्रिया, बालक, वृद्ध, अंध, पंगु इत्यादिकांसाठीं सांगितलें आहे. शेंकडों वर्षें ज्या तागडींत स्त्रीस बसवून तिचा खरेपणा तोलावा असा नियम होता, त्या तागडीच्या दुसऱ्या पारड्यांत या बाईनें दगडाऐवजीं पुरुषास बसविलें. हा अर्थ तिच्या मनांत होता असें आम्ही म्हणत नाहीं. तो शब्दाच्या पोटांत होता, आणि संशोधकास तो दिसला तर सांगावा.

व्यवहारबुद्धीचें प्रामाण्य कशांत आहे याचें उत्तर आम्हांस येथें मिळतें. कारण एक आक्षेप उघड आहे, आणि तो लपविण्यांत अर्थ नाहीं. ‘सर्वांस ठाऊकच आहे’ हें वाक्य पुणेवैभवाच्या बाजूसहि होतेंच. बायका चंचल, बायका लबाड, हें तर गांवोगांवच्या म्हणींचें व स्त्रीचरित्राच्या गोष्टींचें भांडवल. मग तीहि व्यवहारबुद्धि, हीहि व्यवहारबुद्धि, खरी कोणती? ताराबाईची कसोटी अशी कीं, जो नियम एकास लावतां तो उलटा करून दुसऱ्यास लावा. उलटविल्यावर जी समजूत टिकते ती खरी, आणि जी टिकत नाहीं ती केवळ सोय. मुक्तामाला, मंजुघोषा यांसारख्या त्या काळच्या लोकप्रिय कादंबऱ्यांसहि तिनें हीच कसोटी लाविली, आणि अशा गोष्टी घडतात कोठें, असें विचारून त्या बाजूस सारल्या. रामायण-भारतांतील स्त्रियांच्या कथांसहि तिनें सोडलें नाहीं, आणि येथें तिच्यावर रोष झाला.

तिच्या लिखाणास मर्यादा आहेत. इंग्रजी राज्याची ती भरमसाट स्तुति करिते, कोतवालीचीच असमता नव्या कोर्टांत नव्या कलमाखालीं आली आहे हें विजयालक्ष्मीचा खटला समोर असतांहि तिनें पुरेसें पाहिलें नाहीं. शेतांत राबणाऱ्या, पाट लावणाऱ्या जातींतील स्त्रियांचा प्रश्न वेगळा होता, आणि तिकडे तिचें लक्ष फारसें जात नाहीं. घरंदाज मराठ्यांच्या पडद्याआडून जेवढी दुनिया दिसते तेवढीच तिची साक्ष. साक्षीदार जेथें उभा होता तेथूनच त्यास दिसतें, हें ध्यानांत ठेवून साक्ष वाचावी.

त्याच १८८२ सालीं पंडिता रमाबाई पुण्यास आल्या, आर्य महिला समाज निघाला, आणि त्यांचें ‘स्त्रीधर्मनीति’ हें पुस्तक प्रसिद्ध झालें. रमाबाईंस संस्कृत मुखोद्गत. त्यांचें पुस्तक स्त्रियांनीं आपली उन्नति कशी करावी हें सांगणारें. पुण्यानें त्यांचें कौतुक केलें, निदान त्या वर्षीं तरी केलें. ताराबाईचें पुस्तक पुण्यासच छापलें गेलें, पण तिच्या वाट्यास उपहास आला, आणि तो केवळ सनातन्यांकडून आला नाहीं. सत्यशोधकांपैकींहि टीकाकार निघाले. १८८५ सालीं ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकांत फुल्यांनीं तिची बाजू घेऊन त्यांस उत्तर दिलें. त्यानंतर ताराबाईनें कांहीं प्रसिद्ध केल्याचें दिसत नाहीं. पंडितेचा शब्द लोक ऐकत, कारण तिच्या मागें शास्त्र होतें. बुलढाण्याच्या बाईच्या मागें काय होतें? घरांत बसून पाहिलेलें जग.

पुस्तकाची पुढील कथा संग्राहकांस ऐकण्यासारखी आहे. पांचशें प्रती निघाल्या आणि नाहींशा झाल्या. नव्वद वर्षांहून अधिक काळ मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत तिला स्थान नव्हतें. १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं संपादून ती पुन्हा प्रसिद्ध केली, आणि १९९४ सालीं तिचें इंग्रजी भाषांतर झालें, तेव्हां जगास ती माहीत झाली. हिराइसापाठ स्मरणानें वांचला. स्त्रीपुरुषतुलना एखाद्या फडताळांत राहिलेल्या प्रतीमुळें वांचली. ज्या लिखाणास विद्वानांचा आधार नसतो तें अशाच रीतीनें वांचतें, म्हणजे बहुधा वांचत नाहीं.

हें लिहितांना आम्हांस आमची एक चूक कबूल केली पाहिजे. कित्येक वर्षांपूर्वी आर्वी तालुक्यांतील एका जुन्या घरीं दप्तर पाहण्यास गेलों होतों. माळ्यावर दोन बासनें होतीं. एकांत सनदा, कौल, खरेदीखतें. तें आम्हीं तीन दिवस बसून उतरून घेतलें. दुसऱ्याविषयीं विचारितां घरची आजी म्हणाली, “थे तं बायायचं आहे जी, त्यात काय पाहता?” वरचे चार कागद आम्हीं उलटले. मोडी अक्षर कच्चें होतें. ओव्या होत्या, बाळंतिणीच्या औषधांची यादी होती, शेजारणींना उसनें दिलेल्या जिनसांचा हिशेब होता, आणि एका वहींत कोणा सुनेच्या तंट्यांत घरच्या बायकांनीं आपसांत काय ठरविलें याचीं पांच-सात टिपणें होतीं. आम्हीं बासन पुन्हा बांधून ठेविलें. सनदांची घाई होती. दोन वर्षांनीं पुन्हा गेलों तों आजी वारली होती, घर पाडावयास काढलें होतें, आणि दुसरें बासन रद्दींत गेलें होतें. सनदा मात्र मुलानें जपून ठेविल्या होत्या, कारण त्यांवर शिक्के होते.

त्या टिपणांत काय ठरलें होतें हें आतां कळण्याचा मार्ग नाहीं. एकींत ‘पुरुषांस सांगू नये’ अशा अर्थाचें कांहीं होतें एवढें आठवतें, पण आठवणीवर पाठ देण्याइतकें आमचें स्मरण हिराइसेचें नाहीं.

वर्धा व अमरावती जिल्ह्यांतील संग्राहकांस विनंति अशी कीं, ज्यांच्याकडे बायकांच्या हातच्या वह्या, घरगुती ठरावांचीं टिपणें, पाठांतराच्या पोथ्या किंवा हिशेबाचे कागद असतील, त्यांनीं तीं अक्षर कच्चें म्हणून किंवा शिक्का नाहीं म्हणून वेगळीं काढूं नयेत. कोणत्या गांवीं, कोणत्या घरीं व कोणत्या बासनांत मिळालीं हें त्यांवर लिहून ठेवावें, आणि घरांत कोणी वृद्ध स्त्री असल्यास कागद वाचण्यापूर्वीं तिला विचारावें. स्त्रीपुरुषतुलनेची १८८२ ची मूळ प्रत कोणाच्या संग्रहीं असल्यास तिच्या मलपृष्ठावर किंवा कोऱ्या पानांवर मालकाचें नांव, गांव वा हातचें टिपण आहे काय, हें कळविल्यास आम्ही आभारी होऊं. पांचशें प्रतींपैकीं एखादी तरी वर्धा नदी ओलांडून अलीकडे आली होती काय, हें आम्हांस जाणून घ्यावयाचें आहे.